पंच मिळाले नाहीत

लोक मला भांडणाला बोलावतात, लग्नाला बोलावत नाहीत. ही तक्रार नाही, धंद्याचा स्वभावच तसा आहे. ज्या घरात मी वर्षभर चहा प्यायले, ज्यांनी सुनेला मुलगा झाल्याचं मला दवाखान्यातून फोन करून कळवलं, त्यांच्याच पोरीच्या लग्नात मांडवातल्या पहिल्या खुर्चीवर खदानीचा मालक बसणार असतो. त्याला फेटा बांधायचा असतो. मग मला बोलावून पंचाईत कशाला करायची? लग्न झाल्यावर कुणीतरी वाशीमला येताना डब्यात बुंदी घेऊन येतं आणि म्हणतं, "म्याडम, तुमाले सांगाचंच राहून गेलं पाहा!" मी बुंदी ठेवून घेते. बुंदी बहुतेक वेळा चांगली असते.

या अंकाच्या संपादकांनी यंदा कामाबद्दल लिहायला सांगितलं तेव्हा पहिली अडचण हीच आली, की हे काम आहे तरी काय? माझ्या सख्ख्या बहिणीला ते अजून कळलेलं नाही. ती लोकांना सांगते, "ती एका संस्थेत आहे," आणि पटकन विषय बदलते. मी वकील नाही, पुढारी नाही, सरकारी नोकर नाही. डोंगर फोडणारा आणि डोंगराखाली राहणारा यांच्यात भांडण झालं की मधे जाऊन उभं राहायचं, हे माझं काम. गावाला नियम समजावून सांगायचे, अर्ज लिहून द्यायचे, ग्रामसभेत ठराव कसा करायचा ते शिकवायचं, साहेबाच्या दारात लोकांसोबत बसायचं, पत्रकारांना फोन करायचे. गावाला वाटतं मी सरकारकडून आले. सरकारला वाटतं मी गावाला भडकवते. मालकाला वाटतं मला काहीतरी हवं आहे आणि मी ते अजून बोलत नाही एवढंच. हे तिन्ही गैरसमज मी इतकी वर्षं एकाच झोळीत घालून एसटीनं फिरवले.

वाशीम जिल्ह्यात खाणी आहेत हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. कोळसा नाही, लोखंड नाही. आमच्याकडे आहे तो काळा दगड. रस्ते रुंद झाले, मोठाले महामार्ग आले, त्या सगळ्यांना गिट्टी म्हणजे खडी लागते आणि गिट्टी काही आभाळातून पडत नाही. टेकडी भाडेपट्ट्यानं घ्यायची, दगडात भोकं पाडून दारू भरायची, भोंगा वाजवायचा आणि बार उडवायचा. निघालेला दगड क्रशरमध्ये भरडायचा, टिप्परमध्ये भरायचा. शेजारी ज्याचं शेत असेल त्याच्या पिकावर राखाडी भुकटी, घराच्या भिंतीला चीर, आणि विहिरीचं पाणी कुठे गेलं ते कुणालाच सांगता येत नाही.

नवखी होते तेव्हा मला वाटायचं, गाव ओरडतंय म्हणजे गावाचं दुखतंय. ही समजूत इंझोरीकडच्या एका गावानं उतरवली. मुरमाच्या खोदकामाविरुद्ध त्या गावानं मला बोलावून घेतलं. मी महिनाभर उन्हातान्हात फिरले, रस्ता अडवला, घोषणा देऊन घसा बसवून घेतला. एके दिवशी गेले तर रस्ता मोकळा आणि खोदकाम जोरात. काल घोषणा देणारे सगळे आपापल्या ट्रॅक्टरवर बसून तोच मुरूम वाहत होते. त्यातला एक मला पाहून खाली उतरला आणि मनापासून म्हणाला, "तुमच्या पुण्याईनं काम भेटलं म्याडम. सेठ बाहेरगावचे ट्रॅक्टर लावून राह्यला होता." त्याला मुरूम थांबवायचा नव्हताच. ट्रॅक्टर लावायचा होता. तेव्हापासून मी एक नियम केला. सगळ्यात जास्त कोण ओरडतंय ते पाहायचं नाही, पाणी कोणाचं गेलं ते पाहायचं.

करीमचाचांचं पाणी गेलं होतं.

अनसिंगच्या पुढे बसनं गेलं की त्यांचं गाव लागतं. नाव लिहीत नाही. गावाला टेकून एक टेकडी, टेकडीची एक बाजू खदानीनं खाल्लेली, दुसऱ्या बाजूच्या पायथ्याशी चाचांचं शेत. थोडीच जमीन, पण बागायती. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक. अनसिंगच्या बाजारात त्यांच्या वांग्यांना गिऱ्हाईक ठरलेलं होतं. आमच्या वाशीमच्या ऑफिसात ते पहिल्यांदा आले तेव्हा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, आणि हातात मेथीची एक जुडी. नमस्कार झाला, पाणी झालं, आणि जुडी माझ्यापुढे धरून म्हणाले, "बाई, एवढी धुऊन दाखवा."

मी मोरीत जाऊन धुतली. पाणी राखाडी झालं. पुन्हा धुतली, पुन्हा राखाडी. पानं फाटायला आली, पण भुकटी काही सुटेना.

"बाजारातल्या बाया म्हणते, चाचा, तुमच्या मेथीत रेती लागते दाताले. पण मेथीचं जाऊ द्या. मेथी उद्या पुन्ना पेरता येते. ईर कुठून पेरू?"

मग त्यांनी विहिरीचं सांगितलं. वडिलांनी खोदलेली, दगडानं बांधलेली. टेकडीच्या अंगानं दगडांच्या फटीतून एक झरा येतो, सगळं पाणी त्याच्यावर. चाचा त्याच्याबद्दल जनावराबद्दल बोलावं तसं बोलत. "बार उडला का झरा बिचकते. पह्यले मोटर लावली का दुपारलोक चाले. आता माहा चहा पिऊन होत नाई का मोटर हवा वढते." त्यांना भीती होती ती पुढची. खदानीच्या मालकाला टेकडीची उरलेली बाजूही हवी होती, झऱ्याच्या अंगाची. ती फोडली की विहीर संपली आणि विहीर संपली की शेत संपलं. त्यांना त्यापलीकडे काही मागायचं नव्हतं. एवढी एक विहीर राहावी.

अशा कामात सरळ प्रकरण क्वचित हाती लागतं. हे सरळ होतं. मी दुसऱ्याच आठवड्यात गावात गेले. विहीर पाहिली, आत दोर सोडला, शेजारच्या लोकांशी बोलले. गावालाही खदानीचा त्रास होताच. टिप्पर शाळेपुढून धावत, घराघरांत भुकटी. सरपंच गजाननराव तरणा, उत्साही माणूस. तो म्हणाला, "म्याडम, तुमी फक्त सांगा काय कराचं, अख्खं गाव मांगं उभं हाय." अख्खं गाव मागे उभं आहे असं कुणी म्हटलं की मी हल्ली मागे वळून पाहते. तेव्हा पाहत नव्हते.

इथे आमच्या संस्थेबद्दल सांगायला हवं. वाशीमचं ऑफिस म्हणजे मी, एक कपाट आणि दोन खुर्च्या. खरी संस्था नागपूरला. तिथे आमच्या प्रमुख होत्या, त्यांना आम्ही मोठ्या ताई म्हणत असू. हुशार बाई. उन्हात मोर्च्यात चालायला मागेपुढे पाहत नसत, तुरुंगात जाऊन आलेल्या होत्या. त्यांची बदनामी करायला मी हे लिहीत नाही. पण त्या गावात पहिल्यांदा आल्या, ग्रामपंचायतीसमोरच्या लिंबाखाली बैठक भरली आणि त्यांनी विचारलं, "ही टेकडी तुमच्यासाठी काय आहे?"

असा प्रश्न गावाला कुणी कधी विचारला नव्हता. लोक एकमेकांकडे पाहायला लागले. टेकडी म्हणजे टेकडी. मग कडेला बसलेले पुंजाजी उठले. पुंजाजी शेळ्या चारत. टेकडीच्या माथ्यावर शेंदूर फासलेला एक दगड होता, म्हसोबा. त्याचे ते पिढीजात भगत. ते म्हणाले, "आमचा देव हाय तिथं."

मोठ्या ताईंनी वही उघडली. करीमचाचा दोन ओळी मागे बसले होते. त्यांना बोलायचं होतं, पण त्या दिवशी नंतर सगळं बोलणं म्हसोबाचंच झालं.

म्हसोबाचं महत्त्व काही खोटं नव्हतं. दर चैत्रात टेकडीवर रोडग्यांचा कार्यक्रम होई. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. अख्खं गाव वर जेवायला जाई. आणि त्या सगळ्या स्वयंपाकाला पाणी जाई ते करीमचाचांच्या विहिरीचं, कारण टेकडीला सगळ्यात जवळची तीच. वांगीही त्यांच्याच शेतातली. चाचा पंगतीला बसत आणि भाजीत मीठ कमी पडलं तर स्वयंपाक्याला बोलत. म्हसोबाला पाणी करीमचाचाचं, याचं कुणाला काही वाटत नव्हतं, कारण वाटण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

नागपूरला बैठक झाली. माझं म्हणणं होतं की विहीर पुढे ठेवावी. "विहीर मोजता येते ताई. देव मोजता येत नाही. आणि जे मोजता येत नाही त्याचा तोडगा कुणीही काढून देतो."

ताई म्हणाल्या, "एका विहिरीसाठी पत्रकार गाडीतून खाली उतरत नाही. देव म्हटला की गाव एकत्र येतं." हे खरं होतं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि चाचांचं नाव आत्ता पुढे नको. त्यांच्याच भल्यासाठी म्हणते. दिवस कसे आहेत ते तुला दिसतंच आहे." बैठकीतल्या कुणीच वर पाहिलं नाही. मी बराच वेळ भांडले, आवाज चढवला, एकटी पडले. बहुमत म्हणजे बहुमत. ते चाचांना सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

चाचा बांधावर बसून वांगी निवडत होते. मी जमेल तेवढं गुळमुळीत बोलले. ते ऐकत राहिले, किडकी वांगी बाजूला टाकत राहिले.

"बरोबरच हाय त्याईचं," ते म्हणाले. "देवाच्या नावानं टेकडी वाचली तं झरा वाचते. मी मांगं बसतो. माह्या नावात काय ठेवलं हाय बाई?"

आंदोलन मात्र जोरदार झालं, हे मला अभिमानानं सांगायलाच हवं. गावातल्या बाया टिप्परपुढे आडव्या झाल्या. ग्रामसभेत ठराव झाला, एकही हात खाली राहिला नाही. आम्ही वाशीमला मोर्चा नेला, कलेक्टर साहेबांनी शिष्टमंडळाला आत बसवून घेतलं. पेपरात म्हसोबाचा फोटो आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी कॅमेऱ्यापुढे बसवलं असेल. पेपर वाचून वाशीमची एक देवस्थान बचाव समिती आपणहून येऊन मिळाली. आम्ही बोलावलं नव्हतं. तिचे झेंडे वेगळे, घोषणा वेगळ्या, आणि त्या घोषणा ऐकल्यावर करीमचाचा मागच्या रांगेतही यायचे थांबले. मी विचारलं तर म्हणाले, "कामं हायेत वावरात." पण उपोषणाच्या मांडवामागे बाकीच्यांच्या स्वयंपाकाला त्यांची वांगी येतच होती.

चौकशी होईपर्यंत बार बंद ठेवा, असा आदेश निघाला. त्या दिवशी गावानं मला हार घातला, पेढा भरवला. पण मला आठवतो तो त्यानंतरचा फोन. मी वाशीमच्या माझ्या खोलीत भाजी चिरत होते. चाचा ओरडूनच बोलत होते. "बाई, झरा येऊन राह्यला! मोटर बंद केली तरी वाजते आत, खळखळ खळखळ. घ्या, ऐका!" आणि त्यांनी फोन विहिरीत धरला असावा. मला काही ऐकू आलं नाही, नुसता वारा. पण मी म्हटलं, "येतंय ऐकू, चाचा." चाकू हातात घेऊन मी एकटीच हसत उभी होते. इतक्या वर्षांत माझ्या कामानं दगड हलल्याचं मला त्याच दिवशी कळलं.

मालक काही मूर्ख नव्हता. त्याच भागात वाढलेला, त्याच भाषेत बोलणारा माणूस. तो वकील घेऊन आला नाही. नारळ, हार आणि एका मंदिराचं रंगीत चित्र घेऊन आला. चप्पल पायथ्याशी काढून टेकडी चढला, आमच्यापेक्षा जास्त भक्तिभावानं म्हसोबापुढे आडवा झाला आणि उठून लोकांना म्हणाला, "अडचण देवाचीच हाय ना? मंग माह्या देवाले काहून उन्हात ठेवू? खाली गावात मंदिर बांधून देतो. सभामंडप, फरशी, कळस. वाजतगाजत नेऊ."

पुंजाजी म्हणाले, "मसोबा डोक्शावर छप्पर घेत नाई."

मालक हात जोडून म्हणाला, "असं तुमी म्हणता, भगत. देव काय म्हणते? त्यालेच इचारा. तो नाई म्हणला तं मी आजच्या आज मशीन उचलतो."

आमची सगळी इमारत याच एका दगडावर उभी होती. देवाचं भांडण म्हटलं की निकाल देवानं द्यायचा. आम्ही कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? मोठ्या ताई नागपूरहून फोनवर मला विचारत होत्या, "हे कौल म्हणजे नक्की काय असतं?" मी सांगितलं. ओल्या शेंदरावर ज्वारीचे दोन दाणे चिकटवायचे, एक उजवा, एक डावा. उजवा आधी पडला की देवाचा होकार. ताईंनी ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

कौलाच्या दिवशी सगळं गाव माथ्यावर. चाचा आले नव्हते. खाली त्यांच्या शेतात विहिरीच्या काठावर उभे असलेले मला वरून दिसत होते. पुंजाजींनी दाणे चिकटवले.  मी देवाधर्माची फारशी बाई नाही, पण त्या दिवशी त्या डाव्या दाण्याकडे पाहून मी जे मागितलं ते कुणाला सांगणार नाही.

उजवा पडला.

पुंजाजींचा नातू त्या सुमारास खदानीवर टिप्पर चालवायला लागला होता. दोन्हींचा संबंध आहे असं मी म्हणत नाही. म्हसोबा खरंच बोलला असेल. तोही वर्षानुवर्षं उन्हातच होता.

देव वाजतगाजत खाली आला. मंदिर झालं, गुळगुळीत फरशी, माइक, आणि माइकवर बोलणारा एक नवा पुजारी. आमच्या वार्षिक अहवालात छापलं गेलं की लोकश्रद्धेचा मान राखून संवादातून तोडगा निघाला. शब्दाला शब्द धरला तर त्यात खोटं काही नाही. पुढच्या चैत्रात रोडगे खाली मंदिरात झाले. पाणी मालकाच्या टँकरनं आलं, वांगी वाशीमच्या बाजारातून. चाचांना कुणी नको म्हटलं नाही, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे. त्यांची गरज राहिली नव्हती एवढंच.

गावाची हरकत उरली नाही म्हणून बंदी उठली आणि टेकडीच्या उरलेल्या बाजूला बार सुरू झाले.

विहीर महिन्याभरात आटली. चाचा आले, तेव्हा त्यांच्या हातात जुडी वगैरे काही नव्हतं. "आता माहं नाव पुढं केलं तं चालते काय बाई?" असं त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारत होते. त्या वेळी संस्थेचा आमच्या जिल्ह्यातला प्रकल्प संपला होता आणि ऑफिस बंद करायची तयारी सुरू होती. मी ताईंना कळवलं नाही. आम्ही दोघांनी अर्ज केला, तहसीलला खेटे घातले, आणि शेवटी विहिरीची पाहणी करून पंचनामा करायचा हुकूम मिळवला.

बाहेरच्यांसाठी सांगते. पंचनामा म्हणजे अधिकाऱ्यानं जागेवर येऊन जे दिसलं ते लिहायचं आणि गावातल्या दोन माणसांनी, ज्यांचा त्यात काही स्वार्थ नाही अशांनी, "होय, आमच्यासमोर पाहिलं" म्हणून सही करायची. हे दोघे पंच. पंच नाहीत तर डोळ्यांना दिसलेलंही दिसलेलं नसतं. माझी सही चालत नाही, मी गावची नाही.

मंडळ अधिकारी आले, सोबत पटवारी. भला माणूस होता तो अधिकारी. चाचांनी बाभळीखाली सतरंजी टाकली होती, चाचींनी चहा पाठवला होता. विहिरीत वाकून पाहिलं तर तळाला चिखल आणि त्यात एक बेडूक. झऱ्याच्या जागी दगडाला नवी, पांढरी चीर. अधिकाऱ्यानं सगळं पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, मी लिहितो. दोन माणसं द्या."

गजाननराव सरपंचांचा फोन बंद होता. आदल्या दिवशी दोघांनी येतो म्हणून सांगितलं होतं, ते आले नव्हते. शेवटी मी स्वतः गावात गेले. भर दुपार. ज्या घरांपुढे मी आंदोलनात मांडी घालून बसले होते, त्या घरांची दारं एकेक करून वाजवली. एकाला ताप होता. एक वावरात गेला म्हणून त्याच्या बायकोनं सांगितलं आणि त्याच वेळी तो आत खोकला. मोर्च्यात माझा हात धरून चाललेली एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "म्याडम, पाणी प्या. पण हे नका सांगू आमाले. पोरगं खदानीवर हाय." मंदिराच्या पायरीवर चार तरुण पत्ते खेळत होते. मी समोर उभी राहिले तसे ते जास्तच लक्ष देऊन खेळायला लागले.

यातलं एकही माणूस वाईट नाही. या लोकांसोबत मी जेवले आहे. पण त्या दुपारी त्या गल्लीतून परत शेताकडे चालत जाताना मला जेवढं एकटं वाटलं तेवढं आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

शेतावर आले. अधिकारी घड्याळ न बघायचा प्रयत्न करत होता. पुंजाजी शेळ्या घेऊन बांधावरून चालले होते. थांबले. विहिरीकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं. मला वाटलं आता येतील. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, पुन्हा बांधला आणि शेळ्या हाकलत निघून गेले. अधिकाऱ्यानं कागदावर लिहिलं, पंच मिळाले नाहीत. निघताना तो चाचांना म्हणाला, "माफ करा चाचा." चाचा म्हणाले, "चहा आणखीन घ्या ना साहेब, तसाच पडला हाय."

बिनपाण्याच्या त्या जमिनीत भाजी होत नव्हती. चाचांनी ती खदानीच्या मालकालाच दिली. दुसरं घेणार कोण होतं? आता तिथे गिट्टीचे ढीग आहेत. चाचा गावातल्या घरात राहतात आणि वाशीमहून भाजी आणून अनसिंगच्या बाजारात विकतात. दुसऱ्याची वांगी. माझंही ऑफिस बंद झालं. कपाट नागपूरला गेलं, खुर्च्या घरमालकानं ठेवून घेतल्या. मी वाशीममध्येच राहिले. कुणी बोलावलं की जाते, संस्थेशिवाय. अंगवळणी पडलेलं काम सुटत नाही. आणि खरं सांगायचं तर संध्याकाळी खोलीवर बोलायला कुणी नसतं.

गेल्या उन्हाळ्यात गजाननरावांचा फोन आला. एवढ्या काळानंतर, जणू काल बोललो होतो. "म्याडम, या. लय वाईट हालत हाय." गावच्या विहिरी आटल्या होत्या. शेतातल्या, गावातल्या, हातपंपसुद्धा. बार आता टेकडीच्या पोटात खोलवर उडत होते. सगळ्यांनी अर्ज केले होते आणि पाहणीचा हुकूम निघाला होता. मी गेले. जायचं नाही असं ठरवलं होतं, तरी गेले.

नवा अधिकारी आला, तरणा. मंदिरासमोर लोक जमलेले. तो म्हणाला, "दोन पंच द्या. ज्यांचा अर्ज नाही असे." आणि तेव्हा गावाच्या ध्यानात आलं की ज्याची विहीर आहे त्याचा अर्ज आहे, आणि विहीर सगळ्यांची आहे. विहीर नसलेल्यांनीही हातपंपाच्या अर्जावर सह्या केल्या होत्या. सगळेच फिर्यादी. गावात जमीन नसलेले, विहीर नसलेले, कुठल्याच अर्जात नसलेले, कुठलाही स्वार्थ न उरलेले असे दोनच म्हातारे होते. एक पुंजाजी, ज्यांच्याकडे फक्त शेळ्या होत्या. दुसरे करीमचाचा.

गजाननराव माझ्याकडे पाहायला लागले. "तुमी सांगतलं तं येईल ते."

मी म्हटलं, "तुमीच जा."

ते गेले. घराच्या उंबऱ्यापाशी काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. थोड्या वेळानं चाचा बाहेर आले, पांढरा शर्ट, टोपी. पुंजाजींच्या शेजारी उभे राहिले. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, पण प्रत्येक विहिरीपाशी दोघंही वाकून आत पाहत. एका विहिरीत वाकताना चाचांचा तोल गेला तेव्हा पुंजाजींनी त्यांचं मनगट धरलं आणि पुढच्या विहिरीपर्यंत ते सोडलं नाही. अधिकारी विचारी, "पाणी आहे?" चाचा म्हणत, "नाई." सगळ्या विहिरी झाल्यावर त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला आणि सही केली.

लोक त्यांचे आभार मानत होते, हात जोडत होते. ते मान हलवून घराकडे निघाले. मी त्यांच्यासोबत दारापर्यंत गेले. आत चाचींच्या भांड्यांचा आवाज येत होता. दरवेळी ते आत बसा म्हणत. या वेळी उंबऱ्यावर थांबले.

"बाई, एक सांगतो, राग नका मानू. आता माह्या घरी येत नका जाऊ."

"काहून चाचा? माझं काही चुकलं?"

"तुमचं काई नाई चुकलं. सगळ्या दुनियेत तुमीच तं आले." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "पण तुमी येता, अन् मले पुन्ना वाटाले लागते का काई तरी होईल. चार रोज जेवण गोड लागते. मंग ते उतरते. या उमरीत आता ते झेपत नाई मले."

मी बरं म्हटलं. 

पंचनामा पुढे गेला आहे, सुनावणीची तारीख अजून लागायची आहे. त्यासाठी मी अधूनमधून त्या गावाला जाते. बसमधून उतरलं की समोरच चाचांची गल्ली लागते, तिथून ग्रामपंचायत जवळ पडते. मी शाळेच्या मागून वळसा घालून जाते.